कोऱ्या कागदावरच्या सह्या

११ जुलै १९७७

वहिनी,

काल संध्याकाळच्या बातम्यांत तुझ्या शपथेचं सांगितलं. घरात मी एकटीच होते, तरी उठून उभी राहिले. दादा असता तर म्हणाला असता, हेडमास्तर, खाली बसा, रेडिओला दिसत नाही.

दादाच्या जागेवर आता तू. आमदारीणबाई, रडायचं ते रडून झालं असेल तर कामाला लागू या. इथे सकाळी सातपासून दाराशी माणसं उभी असतात. कुणाला दाखला हवाय, कुणाला इस्पितळात खाट, कुणाची बदली अडलीय. दादा अधिवेशनाला निघण्याआधी पंचवीस कोऱ्या लेटरहेडवर खाली सही करून माझ्या हवाली करायचा. शाळा सुटली की मी बसून पत्रं लिहायची आणि नंतर सवडीने त्याला सांगायची. सात वर्षांत कुणाचं काम खोळंबलं नाही. तूही तसंच कर. ड्रायव्हर गुरुवारी परत फिरतोय, त्याच्याकडे पाकीट दे. सही अगदी तळाला कर. तुझा काही भरवसा नाही, मध्यावरच गिरवून ठेवशील आणि मला लिहायला चार ओळींची जागा उरेल.

नदीवरच्या पुलाचं काम संपत आलंय. दादाने सहा वर्षं खेटे घातले त्याच्यासाठी, आणि आता बघायला तो नाही. मिलमधल्या बायका अजून नावेतूनच पलीकडे जातात, माझ्या शाळेच्या मुलीही. त्याला जाऊन वर्ष व्हायच्या आत पूल सुरू झाला पाहिजे, एवढं मी मनाशी धरलंय.

तुझं पहिलं भाषण सोबत आहे. चार पानं. स्वल्पविरामाला थांब, पूर्णविरामाला श्वास घे, आणि चष्म्याशी चाळा करू नकोस.

तुझी नणंद


१९ जुलै १९७७

वन्सं,

तुम्ही पंचवीस मागितलीत, चाळीस पाठवतेय. तासभर बसून सह्या केल्या. इथे आल्यापासून मला नीट जमलेलं हे पहिलं काम.

आमदार निवासात ह्यांचीच खोली मिळाली. दोन लोखंडी खाटा, एक डगमगतं टेबल, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. कपाटाच्या वरच्या फळीवर ह्यांचा दाढीचा ब्रश सापडला. तो तिथेच ठेवलाय. हात लावायचा धीर होत नाही.

सभागृहात एकशे अठ्ठ्याऐंशी पुरुष आणि आम्ही तिघी. बायकांचं स्वच्छतागृह तिसऱ्या मजल्यावर, जुन्या वह्यांच्या गोदामामागे. मतदानाची घंटा तीन मिनिटं वाजते आणि मग दारं बंद होतात. परवा घंटा वाजली तेव्हा मी नेमकी तिसऱ्या मजल्यावर. धावत खाली आले तोवर शिपायाने दार लावून घेतलं होतं. माझं पहिलं मत असं दाराबाहेर राहिलं. कुणाला सांगू नका, हसतील.

भाषण चांगलं झालं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं.

पुलाचं सगळं तुम्हीच बघा. मला इथलं काही उमगेपर्यंत तिथला प्रत्येक निर्णय तुमचा. तुम्ही जे लिहाल त्याला माझी सही आहेच.

तुमची वहिनी


४ ऑगस्ट १९७७

वहिनी,

खोटारडे. सभागृहाच्या कामकाजाचा छापील वृत्तान्त आपल्या सरकारी वाचनालयात येतो, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं ना? पान नऊशे बारा. 'अध्यक्ष: सन्माननीय सदस्यांनी भाषण वाचून दाखवू नये, तशी परवानगी नाही. (सदस्या खाली बसल्या.)' शांतपणे ऐकलं म्हणे! ऐकायला होतं काय?

पण चूक माझी. तिथे वाचता येत नाही हे दादाने मला सात वर्षांत सांगितलं नाही. म्हणजे तो माझी भाषणं पाठ करून जात असणार, लबाड. तू पाठ करू नकोस, तुझ्याच्याने व्हायचं नाही. आता भाषण लिहून पाठवत नाही. जे तुला स्वतःला टोचतंय तेच बोल, मग कागद लागत नाही.

इथला नवा इंजिनीअर मोठा नमुना आहे. पूल उभा राहिलाय, कठड्याचा रंगसुद्धा वाळलाय, आणि हा म्हणतो, आधी वाळूची पोती रचून तीन दिवस भार देऊन बघायचा, पूल किती वाकतो ते मोजायचं, मगच माणसं सोडायची. मोजायची उपकरणं राजधानीतून यायची, त्यांचा नंबर लागायला तीन-चार महिने. तोवर नदी फुगलेली आणि मुली नावेत. मी त्याच्या कचेरीत जाऊन आले. बाई, मला वरून लेखी पाहिजे, म्हणाला. बघते त्याच्याकडे.

तुझी नणंद


१५ सप्टेंबर १९७७

वन्सं,

कागदाशिवाय उभी राहिले. टोचत होतं तेच बोलले. म्हटलं, अध्यक्ष महाराज, माझ्या मतदारसंघातल्या साठ हजार लोकांचं मत जुलैमध्ये या इमारतीच्या जिन्यावर राहिलं, कारण तुमची घंटा तीन मिनिटांची आहे आणि आमचा जिना चार मिनिटांचा. आधी मोठा हशा झाला. मी बसले नाही. हशा संपेपर्यंत उभी राहिले, मग पायऱ्या किती ते सांगितलं. एकशे दोन. मी मोजल्या होत्या. तेव्हा कुणी हसलं नाही. पुढच्या अधिवेशनापर्यंत तळमजल्यावर सोय करतो असं आश्वासन मिळालंय. बाहेर आल्यावर बाकीच्या दोघींनी माझा हात धरला तो किती वेळ सोडलाच नाही.

तुम्ही भाषण पाठवलं नाहीत म्हणून आधी राग आला होता. आता नाही.

पुलाचं उद्घाटन पंचवीस तारखेला ठरल्याचं पत्र आलं. इंजिनीअर कसा काय वळला? पट्टी दाखवलीत की काय? मी येतेच आहे. फीत मात्र तुम्ही कापायची, मी कात्रीला हात लावणार नाही.

तुमची वहिनी


३ मार्च १९८३

वन्सं,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. तुम्ही सह्यांचे आणखी कागद मागवलेत. या वेळी पाठवत नाही.

आमच्यातल्या एका जुन्या सदस्याची सही असलेल्या कागदावर त्याच्या भाच्याने एका शिक्षकाला बडतर्फ करायची शिफारस केली. त्या शिक्षकाने विष घेतलं. वाचला. सदस्य सभागृहात उभे राहून सांगत होते, ते पत्र मी लिहिलंच नाही. सगळे हसत होते. मला हसू आलं नाही. मला माझे चाळीस कागद आठवले.

तुमच्यावर अविश्वास नाही, वन्सं. पण मिलमधल्या पाळणाघरांचा कायदा मी मांडतेय, लोक माझ्या प्रत्येक कागदाकडे बघतात. यापुढे काय लिहायचं ते तुम्ही मला कळवा, मी इथून लिहून पाठवीन. दोन-चार दिवस उशीर होईल, एवढंच.

तुमची वहिनी


१० मार्च १९८३

वहिनी,

पत्र पोचलं. उरलेले सात कागद परत पाठवतेय. मोजून घे.

एक गोष्ट कधी बोलले नव्हते, आज लिहिते. दादा गेल्यावर पक्षाची माणसं घरी आली, त्या दिवशी चहा मी केला होता. मतदारसंघातली गल्ली न् गल्ली मला पाठ, दादाचं प्रत्येक पत्र माझ्या हातचं. मी ट्रे घेऊन आत आले, तर ते तुला विचारत होते. तुला, जिला तेव्हा मतदान केंद्र कुठे आहे तेही विचारावं लागायचं. माझ्याकडे बघून एक जण म्हणाला, साखर कमी आहे. तू माझ्याकडे बघितलंसही नाहीस. तेव्हा तू दुःखात होतीस, मला कळतं. पण त्या सह्यांच्या कागदांवर मी थोडी तरी आमदार होते. आता तेही नको म्हणतेस, ठीक आहे.

पाळणाघरांचा कायदा होऊ दे. चांगला आहे.

नणंद


२३ नोव्हेंबर १९९१

वहिनी,

तुझी तार मिळाली. मी सुखरूप आहे. आठ वर्षं आपण दोघी वाढदिवसाच्या चार ओळींवर आहोत आणि आता हे लिहायची वेळ आलीय.

परवा दुपारी तीनला मिलची पाळी सुटली. तिकडून येणारे आणि इकडून जाणारे, दोन्ही पाळ्या पुलावर एकदम. मी आठवीच्या वर्गात होते. आधी टाळीसारखा आवाज आला, मग काही नाही, मग ओरडणं. मधला गाळा, दोन खांबांमधला सगळा तुकडा, पाण्यात गेला. मी धावत गेले. काठावर चपलांचा खच होता.

नऊ जण गेले. त्यात सहा बायका. त्यातल्या दोघी माझ्या विद्यार्थिनी. एकीला वर्गात सगळे पोपट म्हणायचे, इतकी बडबडी. मागच्याच महिन्यात तिने मला पुलावर थांबवून पगार झाल्याचं सांगितलं होतं. तिची आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुते. मुलगी ओळखायला तिला नेलं, तर मुलगी तिथल्याच चादरीखाली.

तू लवकर ये. लोक तुझी वाट बघताहेत. मला काही सुचत नाही.

नणंद


५ डिसेंबर १९९१

वन्सं,

तिथे होते ते दोन दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. इस्पितळाच्या व्हरांड्यात मी तुमचा हात धरला तर तुम्ही सोडवून घेतलात. वाटलं, जुना राग अजून आहे. असू दे. पण अशा वेळी तरी नको.

काल मी सभागृहात बोलले. तुम्ही वृत्तान्त वाचालच. म्हटलं, चौदा वर्षांत जो पूल पडतो त्याला नदी जबाबदार नसते. ज्याच्या शब्दावर हा पूल माणसांसाठी उघडला, त्याचं नाव या सभागृहात घेतलं गेलं पाहिजे, मग तो कितीही मोठा असो. दोन्ही बाजूंनी बाकं वाजवली. मंत्र्यांनी चौकशी जाहीर केली, सगळी फाइल काढायला सांगितलीय.

एक विचारते. भार देऊन बघायची चाचणी तेव्हा झाली होती ना? इंजिनीअर हटून बसला होता आणि मग ऐकला, एवढंच मला आठवतं. तुम्हाला सगळं आठवतं म्हणून विचारते.

आणखी एक. नवीन अध्यक्षांची निवड वीस जानेवारीला आहे आणि माझं नाव पुढे आहे. बाई या खुर्चीत आजवर बसलेली नाही. सध्या त्याचा आनंद मानायची लाज वाटते, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुमची वहिनी


९ डिसेंबर १९९१

वहिनी,

अध्यक्ष होणार हे वाचून फार बरं वाटलं. दादाला केवढा अभिमान वाटला असता. आता त्याच्याकडेच लक्ष दे.

चाचणीचं मला काही आठवत नाही. चौदा वर्षं झाली. तो इंजिनीअर कधीच निवृत्त होऊन मुलाकडे गेला, आता जिवंत आहे की नाही कोण जाणे. ठेकेदाराने पोलाद हलकं वापरलं असं सगळे म्हणतात. चौकशी करणारे करतील. तू स्वतः त्यात उतरू नकोस. लोकांना दिलासा दिलास, पुष्कळ झालं.

शाळा अजून बंद आहे. मला सर्दी झालीय.

नणंद


३ जानेवारी १९९२

वन्सं,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहिते.

परवा मंत्र्यांनी मला त्यांच्या दालनात बोलावलं. शिपायाला बाहेर पाठवलं, स्वतः दार लावलं आणि फाइल माझ्यापुढे सरकवली. त्यातलं पत्र जसंच्या तसं उतरवून घेतलंय:

'पुलाच्या भार चाचणीसाठी उद्घाटन लांबणीवर टाकू नये. शाळेच्या मुली व कामगार स्त्रिया यांचे हाल लक्षात घेता पूल दिनांक २५ सप्टेंबर रोजी खुला करावा. चाचणी पुढे सवडीने करण्यात यावी. याची जबाबदारी माझी राहील.'

तारीख २२ ऑगस्ट १९७७. खाली सही माझी. अगदी तळाला.

ती सवड पुढे कुणालाच झाली नाही. चौकशी समितीचे तज्ज्ञ सांगतात की मधल्या गाळ्याचा एक सांधा मुळातच कच्चा होता. वाळूची पोती ठेवली असती तर तेव्हाच वाकला असता, आणि खाली पोती पडली असती.

अक्षर कुणाचं ते मला पहिल्या ओळीला कळलं. पंधरा वर्षं मी ते अक्षर बघून धीर धरत आले. तुमचं नऊ तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं. मला काही आठवत नाही, असं लिहिलंयत. वन्सं, तुम्हाला मुलांच्या आज्यांची नावं आठवतात.

मंत्री म्हणाले, जुन्या फाइलीतून कागद गळतात, वाळवी लागते. वीस तारखेपर्यंत कुणी ही फाइल मागणार नाही, त्यानंतर तर तुम्हीच अध्यक्ष. चांगुलपणाने म्हणाले. त्यांना सभागृहात पक्षाचं एक मत कमी व्हायला नकोय आणि मीही त्यांना नकोशी नाही. मी विचार करून सांगते म्हटलं. हो, म्हटलं. तुमच्यापासून लपवत नाही, मला ती खुर्ची हवी आहे. दोन दिवस मी स्वतःला सांगतेय की ते पत्र मी लिहिलेलं नाही, आणि ते खरंही आहे.

आता तरी मला सांगा.

वहिनी


८ जानेवारी १९९२

वहिनी,

सांगते.

पूल पडल्याचा आवाज आला, त्या क्षणी मला ते पत्र आठवलं. धावत गेले ते कुणाला वाचवायला नाही, आपल्याला वाटतंय ते खरं आहे का हे बघायला. इस्पितळात तू हात धरलास तेव्हा मला वाटलं, आता हिला सांगावं. मग तू गेलेल्यांच्या आईबापांशी बोलायला पुढे गेलीस आणि मी गप्प राहिले. त्यानंतर रोज गप्प राहणं सोपं होत गेलं.

मी ते पत्र दुपारच्या सुट्टीत शाळेत बसून लिहिलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. 'जबाबदारी माझी राहील' हे वाक्य दादाचं होतं, तो कचेऱ्यांना असंच लिहायचा, म्हणून मीही लिहिलं. कुणाची जबाबदारी, असा विचारच केला नाही. मुलींचे हाल होते हे खोटं नाही. पण खरं सांगायचं तर मला तो इंजिनीअर हरायला हवा होता. त्याने मला विचारलं होतं, बाई, तुमचा काय अधिकार? त्या पत्राने मी त्याला अधिकार दाखवला. आणि तू मला कात्री दिलीस, मी फीत कापली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता. पूल पडेपर्यंत.

तुला कळवायचं राहिलं असं नाही. मुद्दाम कळवलं नाही. तू विचारलंस, कसा वळला, आणि मी उत्तर दिलं नाही.

आता ऐक. तू म्हण की सही असलेले कागद घरातून गैरमार्गाने वापरले गेले. माझं नाव घे. मी लिहून देते की तुला न सांगता वापरले, ते खरंच आहे. माझी नोकरीची दोन वर्षं उरलीत, गेली तर गेली. तू अध्यक्ष हो. पंधरा वर्षं तू जिने चढलीस. माझ्यापायी ते सगळं पाण्यात जाऊ देऊ नकोस. एवढं एक मागते.

नणंद


१६ जानेवारी १९९२

वन्सं,

आज सकाळी मी मंत्र्यांकडून फाइल मागून घेतली आणि ते पत्र सभागृहाच्या पटलावर ठेवलं. वैयक्तिक निवेदनाला पाच मिनिटं मिळतात, मला तीन लागली. म्हटलं, ज्याच्या शब्दावर पूल उघडला त्याचं नाव या सभागृहात घ्या असं मी सांगितलं होतं. ते नाव माझं आहे. मी कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या, चाळीस. त्यातल्या एकावर हे लिहिलं गेलं. काय लिहिलं गेलं ते मी तेव्हा विचारलं नाही. पूल वेळेआधी सुरू झाला, माझं कौतुक झालं, मी ते घेतलं.

समोरून एकाने विचारलं, अक्षर कुणाचं? मी म्हटलं, चौकशी समिती विचारेल तिला सांगेन, पण सही कुणाची याबद्दल कुणालाच शंका नाही. मग मी राजीनामा अध्यक्षांच्या टेबलावर ठेवून बाहेर आले. कुणी ओरडलं नाही, कुणी बाकं वाजवली नाहीत. मंत्री माझ्याकडे न बघता कागद चाळत राहिले.

तुमचं मागणं मी पुरं केलं नाही. तुमचं नाव पुढे करून मी त्या खुर्चीत बसले असते, तर रोज दारातून आत जाताना ते मला आठवलं असतं. आणि तुम्ही म्हणता तेवढी मी निर्दोष नाही. तुम्ही जे लिहाल त्याला माझी सही आहेच, असं मीच लिहिलं होतं. १९८३ साली त्या शिक्षकाचं ऐकून मी पुढचे कागद बंद केले. आधीच्या तेहतीस कागदांवर काय लिहिलंत ते विचारलं नाही. भीती वाटली असेल. तुमचा अपमान होईल, असं स्वतःला सांगितलं.

माझा राग गेलेला नाही. पत्र लिहिलंत याचा राग कमी आहे. गप्प राहिलात आणि मला सभागृहात ते भाषण करू दिलंत, त्याचा जास्त आहे. तो जाईल की नाही ठाऊक नाही. पण त्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन तुम्ही उभ्या होतात आणि मी वर बघितलं नाही, हे आता फार खुपतं. बघितलं होतं, वन्सं. मान मुद्दाम खाली घातली. मला कळत होतं की जागा तुमची आहे, आणि तरी मला ती हवी होती.

वहिनी


२७ जानेवारी १९९२

वहिनी,

चौकशी समितीपुढे मी स्वतः जाऊन आले. बोलावण्याची वाट बघितली नाही. अक्षराचा नमुना घेतला, सगळं लिहून घेतलं, तीन ठिकाणी सह्या घेतल्या. प्रत्येक पान वाचल्याशिवाय सही केली नाही. कारकून कंटाळला. शाळेने मला घरी बसायला सांगितलंय. पुढे काय करतील ते करोत.

तिथून निघाले ती पोपटच्या आईकडे गेले. इस्पितळामागच्या चाळीत तळाची खोली आहे. ती कामावरून नुकतीच आली होती, हात पांढरे पडलेले, बोटांना भेगा. मी दारातच सांगून टाकलं की पत्र मी लिहिलं होतं. तिने आत बोलावलं नाही, पण दारही लावलं नाही.

ती म्हणाली, "तुम्ही तिच्या बाई ना?"

मी हो म्हटलं.

"पूल पडेल हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "नाही."

"पडणार नाही हे ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "तेही नाही."

"मग ठाऊक काय होतं?"

वहिनी, तीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारत आले. असा मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, मला घाई झाली होती. मला वाटलं आता ती मारील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती तुझ्याबद्दल बोलली. शेजारणीने तिला पेपर वाचून दाखवला होता, तुझा फोटो, तुझं निवेदन, सगळं. खाली अग्रलेखात तुझ्या धैर्याची स्तुती आहे, तीही वाचून दाखवली होती.

"चांगलं बोलल्या बाई," ती म्हणाली. "सगळ्या सभागृहाला सांगितलं, पेपरवाल्यांना सांगितलं. मला तेवढं सांगायचं राहिलं."

मग तिने दार लावून घेतलं.

नणंद


३० जानेवारी १९९२

वन्सं,

रविवारी सकाळच्या गाडीने येते. कुणाला कळवू नका, स्टेशनवर कुणी नको, तुम्हीही नको. तिची सुट्टी कोणत्या दिवशी असते तेवढं विचारून ठेवा.

आत जायचं ते मी एकटी जाईन. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. तिने दार उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन, मग तिसऱ्या दिवशी. आता मला दुसरीकडे कुठे जायचं नाही.

वहिनी